मांडवाची घरपट्टी

आई,

यंदा मी लग्नाच्या मांडवांना घरपट्टी लावली. एखाद्या नव्हे, सबंध गावातल्या मांडवांना, आणि वर कडब्याच्या गंज्यांनाही. ऐकून तू काय केलं असतंस ते मला ठाऊक आहे. आधी पदर तोंडाला लावून पोट दुखेस्तोवर हसली असतीस, आणि मग डोळे पुसत विचारलं असतंस, "आनी भोगलं कुनी?" तुझं लक्ष शेवटी तिकडंच जायचं. हसणारे मला पुष्कळ भेटले. तो दुसरा प्रश्न कुणी विचारला नाही, म्हणून तुला लिहायला बसलो.

माझं काम तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. तू होतीस तेव्हा मी शाहूपुरीतल्या त्या नकाशांच्या दुकानात अमोनिया प्रिंट काढत असायचो. घरी आलो की तू दारातच अडवायचीस, "आदी नळाखाली जा, मग पानावर बस. गिऱ्हाईक उठून जाईल वासानं." आयटीआयला आरेखकाचा कोर्स करायचं ठरलं तेव्हा खानावळीतली दुपारची पंगत भाकरीवाल्या मावशीवर टाकून तू स्वतः माझ्याबरोबर दुकानात आलीस आणि जर्मन पेनांची पेटी घेऊन दिलीस. दुकानदार स्वस्तातली दाखवत होता. तू म्हणालीस, "माझ्या हातात बोथट विळी दिली तर मी कांदा चिरीन का?" त्या पेटीनं मी किती बंगल्यांचे, किती गोठ्यांचे नकाशे काढले त्याला गणती नाही. मग संगणक आला, पेनं वाळून गेली, आणि मी पुन्हा पहिलीच्या वर्गात बसल्यासारखा बोटानं एकेक बटण शोधत शिकलो. आता कसबा बावड्यात वरच्या मजल्यावर माझं स्वतःचं ऑफिस आहे. खिडकीतून कारखान्याची चिमणी दिसते आणि हंगामात मळीचा वास येतो. म्हणजे वासातून माझी सुटका नाहीच.

आम्ही नगरपालिकांना, पंचायतींना जीआयएस बसवून देतो. म्हणजे काय सांगू तुला? गावाचा नकाशा, पण मुका नव्हे. घरावर बोट ठेवलं की ते घर बोलतं. मालक कोण, किती मजले, नळ कुठल्या लाइनीवरचा, पट्टी भरली की थकली. वरून ड्रोन उडवायचं, फोटो काढायचे, फोटोतलं एकेक छप्पर आखून घ्यायचं आणि त्याच्या पोटात ही सगळी माहिती भरायची. तू म्हणाली असतीस, "एवढं तर आपली शेजारीण बी सांगती." खरं आहे. पण शेजारीण गाव सोडून गेली की गाव मुकं होतं, तसं याचं होत नाही, असं मी साहेबलोकांना सांगतो आणि ते मान डोलवतात.

सरकारी कचेरीत नवी वस्तू आली की आधी नारळ, मग फोटो, मग कुलूप. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. दारावर 'जीआयएस कक्ष' अशी पाटी, आत प्लास्टिकच्या आवरणाखाली यंत्र, त्याच्या कपाळावर वाळलेलं कुंकू, आणि कोपऱ्यात मोडक्या खुर्च्या. कारकून मंडळी बाहेर आपल्या जुन्या सवयीनं कामं उरकत बसलेली. साहेब विचारी, "वापरत का नाही?" सगळे एका सुरात म्हणत, "कंपनीकडनं दुरुस्ती व्हायची हाय." ती कंपनी म्हणजे मी. नकाशात काही बदलायचं, पुसायचं, वाढवायचं तर त्याचा हक्क मी माझ्या ऑफिसकडंच ठेवलेला असायचा. नव्या खोलीची नोंद करायची तरी कचेरीनं बावड्याला लिहायचं आणि वाट बघायची. त्यानं माझा दरवर्षीचा देखभालीचा करार पक्का राहायचा. हुशारीच होती ती. मी काही फसवत नव्हतो, सगळं करारात लिहिलेलं असायचं. करार मीच लिहायचो.

हे गाव शिरोळकडचं. नाव लिहीत नाही. चहूबाजूंनी ऊस, मध्ये गाव, आणि नगरपालिका नुकतीच झालेली. तिथं घरपट्टीचं टेबल सांभाळणारी एक बाई आहे. सगळी कचेरी तिला आक्का म्हणते, साहेबसुद्धा. आवाज खणखणीत, बोलणं रोखठोक, आणि निवृत्ती अगदी तोंडावर आलेली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चष्म्यावरून बघत म्हणाली, "या पावणं. तुमचं यंत्र आमच्या खुर्च्या खानार म्हनं?" मी म्हणालो, "न्हाय आक्का, तुमचा तरास कमी करनार." ती म्हणाली, "आमचा तरास म्हंजे तुमच्यागत मानसं." मला बाई आवडली.

ड्रोन आम्ही वैशाखात उडवलं. आभाळ स्वच्छ असतं, झाडं विरळ असतात. आणि गावात लग्नंही तेव्हाच असतात, हे मला कळू नये? ज्यानं खानावळीच्या घरात राहून लग्नसराईत उष्टी काढली त्याला? पण नाही सुचलं. वरून मांडव म्हणजे चौकोनी छप्पर. निळ्या ताडपत्रीखालची गंजी म्हणजे चौकोनी छप्पर. माझ्या ऑफिसात कुणी तरी ते इमानदारीत आखलं आणि पुढं लिहिलं, 'पत्रा शेड'. नकाशाचे छापील ताव पडताळणीला कचेरीकडं गेले. साहेबांना वरून घाई होती, त्यांनी सांगितलं, संध्याकाळच्या आत सह्या करून पाठवा. आक्कानं प्रत्येक तावाच्या कोपऱ्यात 'पडताळणी केली' लिहून सही ठोकली. आणि मग नोटिसा निघाल्या.

मी नेमका तिथं होतो त्या दिवशी. खिडकीशी ही गर्दी. एक बाई, गोठ्यातून तशीच उठून आलेली, नोटीस झेंड्यासारखी नाचवत होती.

"शेड? कुठली शेड? माज्या लेकीच्या लग्नाचा मांडव हाय त्यो! मांडव उतरला, लेक सासरी गेली, तिला दिवस गेलं, आनी तुमची शेड अजून हुबीच हाय व्हय?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "तुजा मांडव तरी चांगला. माजी गंजी म्हशीनं खाल्ली. आता पट्टी म्हशीला लावा."

"लावतील बी! म्हशीचं आधार कार्ड काढून ठेव."

सगळी कचेरी हसत होती. मीही हसलो, कारण न हसून करतो काय. फक्त आक्का हसत नव्हती. ती एकेक नोटीस हातात घेऊन, लोकांच्या शिव्या खात, 'हरकत नोंदवली' असं लिहून देत होती, आणि तिचा खणखणीत आवाज त्या दिवशी मला खिडकीपासून चार पावलांवरही ऐकू येत नव्हता. माझे कान तुला माहीत आहेत. पंगतीतलं कोण 'भात कच्चा हाय' असं पुटपुटलं ते मी आतून सांगायचो. माणसाचा आवाज उतरला की मला आधी कळतं.

दुपारी साहेबांनी मला आत बोलावलं. वयानं माझ्या भाच्याएवढे, माणूस वाईट नाही. पण वरून फोन आलेला होता, आणि गावातल्या पुढाऱ्यांनी 'मांडवपट्टी' म्हणून गवगवा सुरू केला होता. साहेब म्हणाले, "तुम्ही मला फक्त दोन ओळी लिहून द्या. पडताळणी कार्यालयाची होती, सही कार्यालयाची आहे. करारात तशी अटच आहे. पुढचं मी बघतो." पुढचं म्हणजे काय ते मी विचारलं. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आक्कांची चौकशी लावावी लागेल. माझाही इलाज नाही." निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली म्हणजे काय होतं ते या जिल्ह्यातल्या प्रत्येक कारकुनाच्या बायकापोरांना माहीत असतं. पेन्शन लटकते. वर्षानुवर्षं त्याच कचेरीच्या बाकावर, आपल्याच हाताखालच्या माणसांपुढं, 'माझ्या कागदाचं काय झालं' म्हणत बसावं लागतं. मी म्हणालो, "उद्या देतो." नाही म्हणालो नाही, हे लक्षात घे.

बाहेर आक्का टेबल आवरत होती. तिला कळलेलं होतं. कचेरीत भिंती नावालाच असतात.

"द्या की लिहून," ती म्हणाली. "सही माजीच हाय. तुमी खोटं कुठं लिवनार हाय?"

"आक्का, एकदा तरी ताव उघडून बघायचे."

"बगितलं की. पयल्या तावात माज्या चुलतभावाचा मांडव दिसला. मी त्यात जेवलो हाय, मला कळंना व्हय?" ती आमच्याकडच्या बायका बोलतात तशी बोलते, जेवलो, गेलो, आलो. "कळलं. मग काय करू? पुसायला मला येत न्हाय, येत आसलं तरी हात लावायची परवानगी न्हाय. तुमास्नी पत्र धाडायचं, तुमी सवडीनं करनार, तवर सायेब माज्या डोक्यावर. मी म्हटलं जाऊ दे, मार सही. तुमी तरी काय केलं आसतं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी गाडीत बसलो आणि बावड्याच्या वाटेला लागलो. पुढं उसाची ट्रॉली, तिला ओलांडायला वाव नाही, आणि मला घाईही नाही. आणि तिथं, त्या ट्रॉलीच्या मागं सरकत असताना, मला आपलं स्वयंपाकघर दिसायला लागलं.

खानावळीत गॅस आलाय. गल्लीत पहिला. तू चुलीशेजारी ओटा करून घेतलायस, शेगडीला हळदकुंकू लावलंयस, आणि सगळ्यांना बजावलंयस, "बटनाला कुनी हात लावायचा न्हाय. मी फिरवनार." मावशी भाकरी थापतेय. जन्म चुलीपुढं गेला तिचा, लाकूड आत सारायचं की बाहेर ओढायचं ते तिला जाळाचा आवाज ऐकून कळायचं. आता ती तव्यापुढं हात बांधून उभी आहे आणि हाका मारतेय, "अगं, मोटा कर!" तू बाहेर वाढत असतेस, हातातलं टाकून धावत येतेस, बटण फिरवतेस, जातेस. "अगं, बारीक कर!" पुन्हा धावतेस. बाहेर कचेरीतली माणसं रिकाम्या ताटांवर बोटं वाजवताहेत. मी दारात उभा. मिसरूड फुटलेलं, जीभ तिखट. मी म्हणतो, "मावशे, गॅस चावतो व्हय गं? आदीच म्हनलोतो आये, हिला जमनार न्हाय. अडानी ती अडानी."

मावशी हातावरचं पीठ झटकते. तू मात्र वळतेस. हातात पळी आहे, पण पळी वर उचलली नाहीस. तसं तू कधी मारलं नाहीस मला. तू म्हणालीस, "तिला जमत न्हाय म्हनू नगंस. बटन माज्या हातात ठेवून मी तिला भाकरी भाजायला लावालोय. चूक माजी हाय. तू भाईर जा आनी पानी वाड."

दुसऱ्या दिवशी तू मावशीच्या हातात लायटर दिलास आणि म्हणालीस, "आज मी आत येनार न्हाय. करपलं तर करपलं." आणि खरंच आली नाहीस. पहिला तवा करपला. धूर बाहेरपर्यंत आला. कोपऱ्यातला पोस्टातला बाबू, जो रोज काही ना काही खोड काढायचा, त्यानं काळी भाकरी दोन बोटांत धरून वर केली. "कुणी भाजली ही?" आत मावशीचा श्वास अडकलेला मला ऐकू येत होता. तू पदर खोचून त्याच्यापुढं जाऊन उभी राहिलीस. "मी भाजली. काय म्हननं हाय तुमचं?" त्यानं भाकरी ताटात टाकली. तू त्याच्या ताटातली ती भाकरी उचललीस, तिथंच उभ्या उभ्या मोडून खाल्लीस आणि दुसरी आणायला सांगितलीस. दुसरी फुगून आली. त्यानंतर मावशीनं तुला कधी हाक मारली नाही.

मला तेव्हा वाटलं होतं, आई खोटं बोलली. त्या ट्रॉलीच्या मागं मला कळलं की तू मालकीण होतीस, आणि मालकीण असणं म्हणजे एवढंच असतं. इतकी वर्षं मी धंदा करतोय आणि एवढं साधं मला उसाच्या ट्रॉलीनं शिकवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडं गेलो ते रिकाम्या हातानं. म्हणालो, "साहेब, लग्नसराईत ड्रोन मी उडवलं. मांडवाला शेड माझ्या ऑफिसनं म्हटलं. वर विचारलं तर माझं नाव सांगा, लेखी हवं तर लेखी देतो."

साहेब चक्रावले. "अहो, पण अट तुमच्या बाजूची आहे."

"अट मीच घातली होती. म्हणून तर मला माहीत आहे ती कुणाच्या बाजूची आहे."

"बिल अडकेल तुमचं."

"अडकू दे. पण एक मागणं आहे. नकाशा दुरुस्त करायचा हक्क आक्कांच्या हातात द्या. आजपासून."

साहेब हसले. "आक्कांच्या? त्या माउससुद्धा रुमालानं धरतात."

"धरू दे रुमालानं."

त्यांना वर सांगायला एक नाव हवं होतं, ते मिळालं होतं. म्हणून की काय, पण त्यांनी होकार दिला. तू आत ऐकत असतीस तर म्हणाली असतीस, "कारन कसलं बगतोस? व्हय म्हनला न्हवं?"

त्या गोठेवाल्या बाईला आम्ही निरोप धाडून बोलावलं आणि खिडकीच्या बाहेर नव्हे, आत, आक्काच्या शेजारी खुर्चीवर बसवलं. ती खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. पडद्यावर गाव वरून दिसत होतं. ती आधी गोंधळली, मग देवळाचा कळस ओळखला, मग विहीर, मग एकदम ओरडली, "ह्यो बग माजा गोटा! आनी ह्यो मांडव! आगं बया, आचाऱ्याचं पातेलं बी दिसालंय की!"

"हातानं दाखवू नगंस, काच मळती," आक्का म्हणाली. "थांब, पुसतो." तिनं चष्मा सारखा केला, माउस धरला, रुमालानंच, आणि एक बटण दाबलं. मांडव तसाच राहिला. शेजारचं घर गेलं.

"आगं, माजं घर गेलं! घर पुसलं हिनं माजं!"

सगळी कचेरी उठून टेबलाभोवती आली. माझा हात आपोआप पुढं गेला होता. दोन सेकंदांचं काम होतं माझ्या दृष्टीनं. मी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले. आई, आयुष्यात इतकं अवघड काम मी क्वचित केलंय. मी फक्त म्हणालो, "आक्का, डावीकडं वर वळलेला बाण आहे. सावकाश."

तिला तो बाण सापडायला एक युग लागलं. तोवर ती बाई पदरानं कपाळ पुसत होती आणि मागून कुणी तरी म्हणत होतं, "आता ऱ्हा जा गोट्यातच." मग घर परत आलं. टाळ्या पडल्या. आक्कानं कुणाकडं बघितलं नाही. तिनं पुन्हा माउस धरला, या खेपेला रुमाल बाजूला ठेवून, मांडवावर नेला, नीट पारखून घेतलं, आणि दाबलं. मांडव गेला. खाली मोकळं अंगण राहिलं.

"गेला?" बाईनं विचारलं.

"गेला."

"मग आता माजी पट्टी?"

"घराची भर. घर हाय न्हवं अजून?"

त्या दिवशी आक्का जेवायला उठली नाही. एकेका गंजीवाल्याला शेजारी बसवून तिनं गावातले मांडव उतरवले. मी निघताना तिनं मला थांबवलं. "पावणं, एक इचारतो. ह्या नकाशाच्या कुलपाची दुसरी किल्ली तुमच्याकडं आसंलच की."

मी म्हणालो, "आहे."

"आसू दे. पर मला इचारल्याबिगर आत यायचं न्हाय."

"न्हाय येत," मी म्हणालो.

चौकशी लागली नाही. माझं बिल अजून अडकलेलंच आहे आणि घरी तुझी सूनसुद्धा चहा देताना हळूच विचारते, काही कळलं का म्हणून. बाकीच्या कचेऱ्यांनाही मी तो हक्क देऊन टाकायचं ठरवलंय. एकीला दिला, दुसरीला द्यायचं पत्र तयार आहे, तिसरीचं नाव घेतलं की हात थोडा थबकतो. ऑफिसातले लोक म्हणतात, मग पुढच्या वर्षी करार कोण करणार आपल्याशी? मी म्हणतो, बघू.

पूर्वी त्या गावाहून दिवसातून कितीदा तरी फोन यायचा. हे दिसत नाही, ते हलत नाही, तुमचं यंत्र रुसलंय. मी वैतागायचो. आता येत नाही. आठवडा जातो, दुसरा जातो, आणि मी टेबलावरचा फोन उलटा करून बघतो की बंद तर नाही.

परवा तिकडं जाऊन आलो. कचेरीच्या जिन्यातच मला आतलं बोलणं ऐकू आलं. पाणीपट्टीचा कारकून आक्कापाशी बसला असावा. ती त्याला झापत होती, "आरं, ती गल्ली तिरकी हाय, तू सरळ कुटं वडालाईस? तिकडं वढा हाय. पायप काय वढ्यातनं पवत जानार हाय?" तो म्हणाला, "आक्का, बावड्याच्या सायबास्नी इचारूया का?" आणि ती म्हणाली, "त्यास्नी कशाला? आपलं गाव हाय. वड परत." मग खुर्ची सरकली, दोघं कशावर तरी हसले. दार अर्धं उघडं होतं. 'जीआयएस कक्ष' ही पाटी तिथं नव्हती. कुणी तरी काढून टाकली होती, कारण आता सगळ्यांचं येणंजाणं तिथंच असतं.

मी जिन्यातच थांबलो. मला फार बरं वाटलं आणि परकंही वाटलं, दोन्ही एकदम. आत जाऊन 'काय आक्का, कसं चाललंय' असं म्हणता आलं असतं, चहा आला असता. पण तिनं मान वर करून, कामाच्या माणसाला मध्येच अडवल्यावर माणूस बघतो तसं माझ्याकडं बघितलं असतं, आणि ते मला सोसलं नसतं. मी तसाच खाली उतरलो.

हे मी कुणाला दाखवणार नाही, पाकीटही शोधणार नाही. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, एवढ्या लांब कशाला गेला होता? मी म्हणालो, मीटिंग होती. मीटिंग नव्हती, आई. मला कुणी बोलावलंच नव्हतं.